विक्रमकाकांचा घुमट

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ती. बाळआजोबांना,

नकुलचा साष्टांग नमस्कार. खरोखर घातला, कार्पेटवर, पोटावर पडून. मंजुषामावशीला वाटलं मी सोफ्याखाली चार्जर शोधतोय.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि टेक्स्ट तुम्ही उघडत नाही, म्हणून आई म्हणाली की माझ्या मामाला कागदावर लिही. माझं मराठी लिहिणं नाशिकला चौथीत सुटलं ते सुटलंच, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही तिकडे ट्रॉयमध्ये बसून आपले आपण लावून घ्या. मी कॉलेज सोडल्याची बातमी मिशिगनपर्यंत पोचली असेलच. सध्या बॅनर छापायच्या दुकानात आहे आणि दुकान जवळ म्हणून मावशीकडे राहतो. ती मला रोज एकदा रागावते आणि दोनदा जेवायला घालते. हिशोब बरा आहे.

आता मुख्य भानगड. आपल्या मंडळाचे अध्यक्ष विक्रमकाका. तुम्ही जर्सी सोडून मुलाकडे गेलात त्यानंतर हे अध्यक्ष झाले आणि अजून आहेतच, कारण निवडणुकीचा फॉर्म त्यांच्याच ड्रॉवरमध्ये असतो. मंडळाचा तो जुना हॉल, पूर्वीचा स्केटिंग रिंक, त्यांना आता लाजिरवाणा वाटतो. त्यांना भव्य पाहिजे. बोलताना भव्य म्हणतात तेव्हा दोन्ही हात असे पसरतात की शेजारच्याच्या चहाचं काही खरं नाही. मला म्हणाले, तू बॅनरवाला आहेस, नव्या वास्तूचं एक चित्र करून आण.

मी आणलं. यार, काय सांगू. दुकानात लायब्ररीतलं एक जाडं पुस्तक पडलं होतं, हुकूमशहांनी बांधलेल्या आणि बांधायच्या राहिलेल्या इमारतींचं. बर्लिनमध्ये नाझींना जगातला सगळ्यात मोठा घुमट बांधायचा होता, तो मी घेतला. बुखारेस्टच्या त्या अवाढव्य महालाचा थाट घेतला आणि समोर रुंदच रुंद पायऱ्या लावल्या. मॉस्कोला एक महाल बांधणार होते, त्याच्या डोक्यावर लेनिनचा पुतळा, ढगात हात दाखवणारा. तो उचलून घुमटावर ठेवला आणि त्याला विक्रमकाकांचं जॅकेट घातलं. हात पार्किंगकडे. खाली माणसं मुंग्यांएवढी. मला वाटलं मीटिंगमध्ये हशा पिकेल, विक्रमकाका तणतणतील, मी चिवडा खाऊन घरी येईन.

कोणी हसलंच नाही! पुरुषोत्तमकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, अगदी आपला विजापूरचा गोल घुमट. मग सगळ्यांनाच तो गोल घुमट दिसायला लागला. टाळ्या. विक्रमकाका फार नम्रपणे म्हणाले की पूर्ण पुतळा बरा दिसणार नाही, खांद्यापर्यंतच ठेवा. नऊ नोव्हेंबरच्या सर्वसाधारण सभेत मंजुरी आणि वसंत ऋतूत बुलडोझर!

तेव्हापासून मला चैन नाही. मी बाहेर कट्ट्यावर बसून विचार केला. तोच, दारासमोरचा लांब कट्टा, ज्यावर सगळे चपला काढतात आणि कार्यक्रम संपला तरी घरी जात नाहीत. त्याच्या कडेला सिमेंटमध्ये चांदण्या आहेत, गोलात एक एक. लहानपणी मंडळातली उर्वी आणि मी म्हणायचो की त्या एलियन लोकांनी उमटवल्यात.

तुम्ही इंजिनियर, शिवाय तशा एका राजवटीत पूल बांधून आलेले. सांगा, असलं काही खरंच उभं राहतं का? लोभ आहेच, तो कमी पडू नये म्हणून पत्राबरोबर थोडा चिवडाही चालेल.

तुमचा,
नकुल

ट्रॉय, मिशिगन
२३ सप्टेंबर २०२५

चि. नकुल यास,

बाळआजोबांचे अनेक आशीर्वाद, आणि ऱ्हस्व-दीर्घांबद्दल सबुरी.

तुझे पत्र वाचून मी इतक्या मोठ्याने हसलो की सूनबाई काय पडले ते बघायला आली. तिला मराठी वाचता येत नाही आणि मला हसू आवरता येत नव्हते, त्यामुळे तिचा समज आहे की माझी औषधे बदलायला हवीत.

बर्लिनच्या त्या घुमटाची एक गंमत आहे. तो इतका मोठा व्हायचा होता की आत जमलेल्या लाखभर माणसांचा श्वास वर जाऊन थंड होईल आणि पुन्हा पावसासारखा खाली पडेल, अशी तज्ज्ञांना भीती होती. म्हणजे भाषण ऐकायला छत्री घेऊन जायचे. मॉस्कोच्या महालाचा पाया तेवढा झाला. युद्धात त्यातले पोलाद काढून नेले आणि पुढे त्या खड्ड्यात लोक पोहायला लागले. तेव्हा उभे राहते का, तर पुष्कळदा नाही. पण बुखारेस्टचे उभे राहिले, आणि त्यासाठी माणसांनी भरलेली जुनी वस्ती पाडली. उभे राहण्यापेक्षा ते वाईट.

मी इराकमध्ये होतो तेव्हा एका शुक्रवारी आम्ही बॅबिलॉन पाहायला गेलो. जुन्या भिंतींवर नव्या भिंती चढत होत्या आणि नव्या विटांवर तिथल्या सत्ताधीशाचे नाव. आमच्या पुलावरही तोच कारभार. मजुरांना बसायला सावली कुठे, असे मी विचारले, तर तिथला अधिकारी म्हणाला की मंजूर झालेल्या चित्रात सावली नाही. चित्र मंजूर आहे, आता सूचना नकोत. हे वाक्य मी नंतर कधी विसरलो नाही.

कुठलीही इमारत पाहिली की मी एकच परीक्षा घेतो. तिच्यात एक म्हातारा बसवून बघायचा, हातात चहा देऊन. तुझ्या चित्रात तो कुठे बसेल?

त्या पायऱ्या नेमक्या कुठून सुरू होतात? सहज विचारतो.

मंजुषाला आशीर्वाद. तिचा रागही तुझ्यावर असाच राहो, कारण तिला तेवढेच जमते.

तुझा,
बाळआजोबा

वेस्ट विंडसर
१ ऑक्टोबर २०२५

ती. बाळआजोबांना,

नमस्कार. आज उभ्यानेच, कारण बसवत नाहीये.

तुमची ती श्वासाच्या पावसाची गोष्ट मी दुकानात सगळ्यांना सांगितली. मग म्हटलं, आता बस्स, कबूल करून टाकू. विक्रमकाकांकडे गेलो. ते ड्राइव्हवेत पानं फुंकत होते, त्या मशीनच्या आवाजात मी ओरडून सांगितलं की काका, ते डिझाइन नाझींचं आहे. त्यांनी मशीन बंद केलं. समोरचे शेजारी आमच्याकडे बघत होते. काका मला गराजमध्ये ओढत घेऊन गेले आणि म्हणाले की हे पुन्हा कुणाला बोलू नकोस. मला वाटलं, चला, संपलं. तर पुढे म्हणतात, घुमट हा घुमट असतो, त्याला पासपोर्ट नसतो, आणि पुरुषोत्तमला तो गोल घुमट वाटतोय तर वाटू दे. वर मलाच वॉर्निंग. मावशी मंडळाची चिटणीस आहे, तिच्या भाच्याने असलं चित्र आणलं हे बाहेर आलं तर आधी तिचं नाव खराब होईल, हे बघ म्हणाले. पानं पुन्हा फुंकायला गेले.

म्हणजे मी टाकलेल्या जाळ्यात मीच. सायकल घेऊन नुसता फिरतोय. कॅनॉलपर्यंत जातो, परत येतो, पुन्हा जातो. मावशी म्हणते, पायाला भोवरा लागलाय का.

म्हाताऱ्याची परीक्षा मी घेतली. चित्र मोठं करून इंच इंच बघितलं, आजोबा, त्याला कुठेच बसता येत नाही. पायऱ्यांवर बसला तर खालून कुणाला दिसणार नाही, आणि चहा वर येईपर्यंत गार. बाथरूम तर मी काढलंच नव्हतं.

पायऱ्या कुठून म्हणालात ना? दारासमोरूनच. तो कट्टा आधी काढून टाकणार. सगळ्यात पहिलं काम तेच, त्या जागेवर पहिल्या पायरीचा दगड आणि दगडावर नाव. विक्रमकाकांनी चुन्याने आखूनसुद्धा ठेवलंय.

काय करू सांगा. लोभ आहे ना अजून?

नकुल

ट्रॉय
९ ऑक्टोबर २०२५

चि. नकुल यास,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. इकडे थंडी सुरू झाली. मॉलमध्ये चालायला जातो, पण हल्ली अर्ध्यातून परत येतो. आवडत नाही.

कट्ट्याचे म्हणशील तर काँक्रीटच आहे, जुने झाले असेल. तिकडचा हिवाळा त्याला सोसत नाही. मंडळाला नवी वास्तू हवी असेल तर म्हाताऱ्यांनी मध्ये पडू नये. तू फार मनाला लावून घेऊ नकोस आणि मंजुषाला त्रास होईल असे काही करू नकोस.

फक्त एक. फोडताना पूर्वेकडची बाजू हळू फोडायला सांग. कडेचा हातभर तुकडा अख्खा निघाला तर ठेवून दे. नाही निघाला तर राहू दे.

चिवडा पाठवला आहे. बाजारचा आहे.

बाळआजोबा

वेस्ट विंडसर
१६ ऑक्टोबर २०२५

ती. बाळआजोबांना,

नमस्कार नाही. आज भांडण आहे.

तुमचं पत्र मी तीन ठिकाणी वाचलं, दुकानात, गाडीत आणि मावशीच्या किचनमध्ये, आणि प्रत्येक ठिकाणी त्या हातभर तुकड्यापाशी अडकलो. तुम्ही चार ओळींत एवढे शहाण्यासारखे कधीच वागत नाही. म्हणून मावशीला विचारलं की बाळआजोबांना काँक्रीटचा तुकडा कशाला पाहिजे. ती चकल्या पाडत होती. हातातला सोऱ्या तिने खाली ठेवला. मग म्हणाली, तुला कुणी सांगितलंच नाही का रे.

तिने सांगितलं, तिच्याच शब्दांत लिहितो. हॉल विकत घेतला तेव्हा दारासमोर चिखल होता. बाळमामाने तीन शनिवार राबून कट्टा ओतला, मी आणि तुझी आई तेव्हा कॉलेजात, आम्ही पाणी मारायला, तेव्हाच पहिल्यांदा इथे आलो होतो. सगळे म्हणाले, बांधणाऱ्याचं नाव घाला. बाळमामा नाही म्हणाला. इराकहून आल्यापासून त्याला सिमेंटवर नाव बघवत नसे. तर उत्तरामामी गाडीतून पिशवी घेऊन आली, त्या दिवशी कुणाकडे तरी चकल्या करायला निघाली होती, आणि सोऱ्यातली चांदणीची चकती काढून तिने ओल्या कडेवर उमटवत नेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणाली, नाव नको तर नको, पण नुसतं करडं कसं ठेवायचं.

एलियन, आजोबा! मी एवढी वर्षं उत्तराआजीला एलियन म्हणत होतो.

आणि तुम्ही मला लिहिता, जुनं झालं असेल. यार आजोबा. मी लगेच जाऊन बघितलं. पश्चिमेकडच्या चांदण्या बऱ्याचशा गेल्यात. पूर्वेकडच्या आहेत. त्यांच्या बरोबर मधून विक्रमकाकांची चुन्याची रेघ गेलीये.

आता माझी आयडिया ऐका. तुम्हीच दिलीय. तिकडचा तो अधिकारी काय म्हणाला होता? चित्र मंजूर आहे, सूचना नकोत. म्हणजे असल्या इमारतीला तलवार-बंदूक काही करत नाही, तिला सूचना चालत नाहीत. आणि आपल्या मंडळात काय आहे? सूचनाच आहेत! कांदेपोह्यांत मीठ बरोबर असलं तरी सूचना येते. आतापर्यंत कुणी बोललं नाही कारण कुणी विचारलंच नाही, चित्र भिंतीवर उंच लावलं होतं, लोक मान वर करून बघत होते.

पंचवीस तारखेला दिवाळीचा कार्यक्रम आहे. मी ते चित्र टेबलाएवढं छापणार आणि फराळाच्या रांगेच्या शेवटी आडवं पसरणार. वर लिहिणार, माननीय अध्यक्षांच्या आग्रहावरून सभासदांच्या सूचना मागवण्यात येत आहेत. अध्यक्षांना नाही म्हणता येणार नाही, सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक झालेलं असेल.

चालेल का? लवकर कळवा. मी रोज मेलबॉक्सपर्यंत पळत जातो, पोस्टवाली बाई आता मला घाबरते.

रागावलेला तरी तुमचाच,
नकुल

ट्रॉय
२० ऑक्टोबर २०२५

चि. नकुल,

आशीर्वाद. हे पत्र घाईने, जलद टपालाने.

पेन ठेवू नकोस, पेन्सिली ठेव. पेन हातात आले की माणूस सही करतो. पेन्सिल आली की सुधारतो.

आणि खोडरबर ठेवू नकोस.

खरे काय ते सभेत तू स्वतःच सांग. दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी. मंजुषाला आज रात्रीच सांग.

मला स्वस्थ बसवत नाही. सूनबाईला सांगून सभेच्या तारखेला कॅलेंडरवर गोल केला आहे. तिने विचारले, डॉक्टर का? मी हो म्हणालो.

बाळआजोबा

वेस्ट विंडसर
१० नोव्हेंबर २०२५

ती. बाळआजोबांना,

साष्टांग नमस्कार, आणि या वेळेला दोनदा, एक माझा आणि एक विक्रमकाकांच्या वाटचा.

क्रमाने सांगतो नाहीतर घोळ होईल. तुमचं पत्र आलं त्याच रात्री मावशीला सगळं सांगितलं, ती आधी रागावली आणि मग जेवायला वाढलं. दिवाळीला टेबल पसरलं. आधी कोणी हात लावेना. मग गिरिजाकाकू आल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. ताटली चित्रावरच ठेवली, पायऱ्या मोजल्या, आणि म्हणाल्या की मेल्यांनो, मी आत यायचं कसं? पेन्सिल घेऊन त्यांनी पायऱ्यांवरून एक रॅम्प ओढला. कठडासुद्धा काढला. तिथून धरण फुटलं. चपलांचा रॅक कुठे? बाथरूम दाराजवळ पाहिजे, लांब नको, आमचं वय बघा. कुणी घुमटाला खिडक्या पाडल्या, कुणी म्हणालं एवढं हीटिंग कोण करणार, आणि घुमटावर काट मारून साधं छप्पर काढलं. स्वयंपाकघरात दोन सिंक. प्रीता, इथेच जन्मलेली, मराठी लिहिता येत नाही म्हणून तिने एक झाड काढलं. पुतळ्याच्या खांद्यांवर कुणीतरी पक्ष्यांचं घरटं काढलं. तो मी नव्हतो, शप्पथ. संध्याकाळपर्यंत बर्लिन पूर्ण झाकलं गेलं, आजोबा, आणि कट्ट्याच्या जागी दहा वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलं होतं की बसायला जागा ठेवा.

विक्रमकाका येऊन प्रत्येकाचे आभार मानत होते. कान लाल.

काल सभा. काका उठले आणि म्हणाले की सूचनांचा आदर आहे पण मूळ चित्र जागतिक दर्जाचं आहे. तेव्हा मी उभा राहिलो.  सांगितलं की दर्जा जागतिकच आहे, कारण घुमट कुणाचा, थाट कुणाचा, पुतळा कुणाचा. मी टवाळी म्हणून केलं, मावशीला तेव्हा माहीत नव्हतं, चूक माझी.

 मला वाटलं आता बाहेर काढतात. मी फक्त पुरुषोत्तमकाकांकडे बघत होतो. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला जमिनीत जावंसं वाटलं. टवाळी मी विक्रमकाकांची करत होतो, आणि लागली त्यांना. ते सावकाश उठले. म्हणाले, लहानपणी वडील विजापूरला घेऊन गेले होते, घुमटाखाली त्यांनी माझं नाव घेतलं आणि ते फिरून फिरून परत आलं, मला वडिलांचा आवाज आठवला म्हणून रडलो, ते काही खोटं नव्हतं. मग म्हणाले की एवढं मोठं बघितलं की माणूस विचारायचंच विसरतो, तसा मी विसरलो. माझं मत रॅम्पला. आणि बसले.

विक्रमकाकांनी मत मागितलं. त्यांच्या बाजूने त्यांचा स्वतःचा हात वर गेला आणि तोही अर्ध्यातून केस नीट करायला वळला. जुना हॉल राहणार. रॅम्प, बाथरूम, नवं छप्पर. कट्ट्याला हात लावायचा नाही, हा ठराव मावशीने मांडला. मांडताना मध्येच तिने पाणी मागितलं. आणि निवडणुकीचे फॉर्म आता टेबलावर ठेवणार, ड्रॉवरमध्ये नाही.

मला शिक्षा झाली. हिवाळाभर कट्ट्यावरचा बर्फ मी काढायचा. विक्रमकाकांनीच सुचवली. सभा झाल्यावर मी चुन्याची रेघ पुसत होतो तर ते येऊन उभे राहिले, चांदण्यांकडे बघत, आणि विचारलं की हे कुणी केलं. मी म्हटलं, नाव घातलेलं नाही.  ते बूट काढून तिथेच बसले, बराच वेळ, मोजे थंड होईपर्यंत.

नवीन चित्र सोबत पाठवतोय, हाताने काढलंय, कुठूनही चोरलेलं नाही. तुमच्या परीक्षेप्रमाणे म्हातारा बसवलाय, कट्ट्याच्या मधोमध, चहासकट. पास झालो का ते कळवा. आता तरी लोभात थोडी वाढ करा.

तुमचा,
नकुल

ट्रॉय
१८ नोव्हेंबर २०२५

चि. नकुल यास,

तुझ्या आजोबांचे पोटभर आशीर्वाद.

पुरुषोत्तमला माझा नमस्कार सांग. त्याच्याकडे एकदा जाऊन ये, चिवडा घेऊन नको, नुसता जा.

बर्फ काढताना लाकडी फावडे वापर, लोखंडी नको. बर्फ वितळवायला मीठ अजिबात टाकू नकोस. पश्चिमेकडच्या चांदण्या मिठानेच खाल्ल्या. मे महिन्यात थंडी गेली की मी येतो. गेलेला भाग आपण पुन्हा ओतू. चकती माझ्याकडे आहे, उत्तरा गेल्यावर सोऱ्या मुलाने टाकून दिला, चकती मी खिशात घातली होती. उमटवायचे काम मंजुषाने करावे, माझा हात आता कापतो. विक्रमला पाणी मारायला सांग. त्यालाही काहीतरी करू दे.

चित्र पाहिले. म्हातारा छान जमला आहे, टक्कल थोडे जास्त काढलेस. पण त्याला मधोमध बसवू नकोस. डावीकडे सरकव.

ती नेहमी उजवीकडे बसायची.

तुझा,
बाळआजोबा